पिवळी भिंत आणि जमाखर्चाची वही

२७ मे २०२३. डॉर्टमुंडचे वेस्टफालेन स्टेडियम काठोकाठ भरले होते आणि गणित अगदी सोपे होते. बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबने माइन्झला हरवले, की ११ वर्षांनंतर बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचे विजेतेपद घरी येणार होते. पहिल्या २५ मिनिटांतच माइन्झने दोन गोल केले आणि त्या दोन गोलांच्या मधल्या वेळात सेबास्टियन हालेरची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. उत्तरार्धात राफाएल गेरेरोने एक गोल फेडला, भरपाईच्या वेळेत निकलास झ्यूलेने दुसरा फेडला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. तिकडे कोलोनमध्ये जमाल मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल करून बायर्न म्युनिकला जिंकून दिले. दोन्ही संघांचे गुण ७१ झाले आणि गोलफरकाच्या जोरावर बायर्नने सलग अकरावे विजेतेपद पटकावले. हातातोंडाशी आलेला घास गेला.

माझ्या मनात मात्र त्या दिवसातले शिट्टीनंतरचे दृश्य राहिले आहे. प्रशिक्षक एडिन टेरझिच दक्षिण स्टँडसमोर उभे होते आणि त्यांना रडू आवरत नव्हते. हा माणूस याच क्लबचा चाहता म्हणून लहानाचा मोठा झालेला. त्यांच्यासमोर जगभर ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखला जाणारा तो सुमारे २५,००० उभ्या प्रेक्षकांचा स्टँड होता. तिथून शिव्या आल्या नाहीत, टाळ्या आल्या.

पुढे वर्षभर चाहत्यांमध्ये एकच वाद चालू राहिला. चूक कोणाची? प्रशिक्षकाची, खेळाडूंची, की सगळ्या उत्तम खेळाडूंना विकून टाकणाऱ्या व्यवस्थापनाची? अनेक वर्षे या क्लबमध्ये जीव गुंतलेला चाहता म्हणून मला वाटते, की या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या काढताच येत नाहीत आणि त्या कशा जोडल्या गेल्या हे समजून घ्यायचे असेल, तर थेट २००५ सालापर्यंत मागे जावे लागते.

ऑक्टोबर २०००मध्ये डॉर्टमुंडने आपले समभाग ११ युरो दराने विक्रीला काढले. शेअर बाजारात उतरलेला तो पहिला जर्मन फुटबॉल क्लब. हाती आलेला पैसा बायर्नशी बरोबरी करण्यासाठी खर्च होऊ लागला. २००१मध्ये मार्सिओ आमोरोसोला इटलीतील पार्मा क्लबकडून सुमारे अडीच कोटी युरोंना आणले गेले आणि २००२मध्ये विजेतेपद मिळालेही. पण तो सण ऋण काढून साजरा झाला होता. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे पैसे दर वर्षी येतीलच, असे गृहीत धरून करार झाले होते. २००३मध्ये पात्रता फेरीतच बेल्जियमच्या ब्रुज संघाने पेनल्टी शूटआउटमध्ये डॉर्टमुंडला बाहेर काढले आणि तो आधार निसटला. तोपर्यंत क्लबने स्वतःचे स्टेडियमसुद्धा विकून भाड्याने घेतले होते. एका टप्प्यावर पगार देण्यासाठी कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या बायर्नने २० लाख युरो उसने दिले होते, हे बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी २०१२मध्ये सांगितले. त्याच बायर्नकडून पुढच्या काळात विजेतेपदे हिसकावून घ्यावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उसनवारीचे वजन कळते.

१४ मार्च २००५ रोजी ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर एक सभा भरली. ज्या गुंतवणूक निधीच्या मालकीचे स्टेडियम होते, त्या निधीचे गुंतवणूकदार तिथे जमले होते. भाड्याची थकबाकी लांबणीवर टाकायची आणि डॉर्टमुंडची पुनर्रचना मान्य करायची, की क्लबला दिवाळखोरीत जाऊ द्यायचे, यावर त्यांचे मतदान होते. कर्जाचा डोंगर २० कोटी युरोंच्या घरात गेला होता. सभागृहात बसलेले लोक फुटबॉलचे चाहते असतीलच असे नव्हते. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतली काही रक्कम एका निधीत ठेवली होती आणि ती बुडणार की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जेमतेम महिन्यापूर्वी क्लबची सूत्रे हाती घेतलेले हान्स-योआखिम वात्सके त्यांच्यासमोर आपली योजना मांडत होते. अखेर ९४ टक्क्यांहून अधिक मते पुनर्रचनेच्या बाजूने पडली आणि १९०९ साली स्थापन झालेला क्लब वाचला. मैदानावर जिंकलेला कोणताही करंडक मला या मतदानापेक्षा मोठा वाटत नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. डॉर्टमुंडचे पुढचे सगळे धोरण त्या पोळलेल्या तोंडाचे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नुरी शाहीन नावाचा १६ वर्षांचा मुलगा बुंडेसलिगात खेळायला उतरला आणि लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. महागडे खेळाडू परवडत नव्हते, तेव्हा घरच्या पोरांना संधी मिळाली. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा येणार आहे.

२००८मध्ये युर्गेन क्लॉप प्रशिक्षक म्हणून आले. आदल्या हंगामात संघ १३वा होता. क्लॉप यांनी गरिबीलाच खेळाची पद्धत बनवले. चेंडू गमावला की मागे न सरता तिथल्या तिथे सगळ्यांनी तुटून पडायचे. त्यासाठी नामांकित खेळाडूंपेक्षा धावणारे, भुकेले आणि एकमेकांसाठी झटणारे खेळाडू लागत. शिन्जी कागावा जपानमधून फक्त साडेतीन लाख युरोंना आला. रॉबर्ट लेवांडोव्स्की पोलंडमधून, माट्स हुमेल्स बायर्नच्या राखीव फळीतून, तर मारिओ ग्योट्झं क्लबच्याच युवा संघातून पुढे आला. २०११मध्ये विजेतेपद मिळाले. २०१२मध्ये ८१ गुणांसह पुन्हा विजेतेपद आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्नवर ५-२ असा विजय. चषक आणि लीग एकाच हंगामात, हे क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच घडले.

आणि मग विक्री सुरू झाली. शाहीन २०११मध्येच रेआल माद्रिदला गेला होता, २०१२मध्ये कागावा मँचेस्टर युनायटेडला गेला. ग्योट्झंच्या करारात ३ कोटी ७० लाख युरोंचे मुक्तीकलम होते, म्हणजे तेवढी रक्कम कोणी भरली, की क्लबला त्याला अडवता येत नव्हते. बायर्नने ती रक्कम भरल्याची बातमी फुटली, ती चॅम्पियन्स लीगमधील रेआल माद्रिदविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. लेवांडोव्स्कीने दुसऱ्या दिवशी त्याच सामन्यात चार गोल केले. पण २०१४मध्ये तोही करार संपवून, एक पैसाही मिळवून न देता बायर्नकडे गेला. फेब्रुवारी २०१५मध्ये डॉर्टमुंड गुणतक्त्यात तळाला होते. हंगाम सातव्या स्थानावर संपला आणि क्लॉप निघून गेले. तेव्हा अनेकांनी क्लॉप थकल्याचे निदान केले. मला ते तेव्हाही पटले नव्हते. तीन वर्षांत ज्याच्या संघाचा कणा काढून घेतला, त्याला ताठ उभा राहा म्हणून कसे सांगायचे?

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण आम्हा चाहत्यांमध्ये याबाबत बराच गोंधळ आहे. खेळाडू विकणे हा माझ्या मते दोष नाही. उस्मान देम्बेलेला २०१६मध्ये दीड कोटी युरोंना आणून वर्षभरात बार्सिलोनाला १० कोटी ५० लाखांना विकले. जेडन सँचो १७व्या वर्षी आला आणि ८ कोटी ५० लाखांना गेला. जूड बेलिंगहॅम १७ वर्षांचा असताना सुमारे अडीच कोटींना आला आणि २०२३मध्ये १० कोटी ३० लाखांना रेआल माद्रिदला गेला. एर्लिंग हालंडने ८९ सामन्यांत ८६ गोल करून दाखवले आणि मुक्तीकलमाचा वापर करून तो मँचेस्टर सिटीत गेला. या मुलांना डॉर्टमुंडला यावेसे वाटते, ते इथे ८१,००० प्रेक्षकांसमोर १७व्या वर्षी खेळायला मिळते म्हणून. पुढे जायची वाट बंद केली, तर ती येणारच नाहीत. ज्या क्लबमागे कोणी अब्जाधीश उभा नाही, त्याला ही साखळी चालू ठेवावी लागते.

दोष आहे तो विक्रीनंतरच्या खरेदीत. लेवांडोव्स्की गेल्यावर चिरो इम्मोबिले आला आणि एका हंगामात निघून गेला. बेलिंगहॅमच्या पैशातून वोल्फ्सबुर्गचा फेलिक्स न्मेचा सुमारे तीन कोटींना आणि बायर्नचा मार्सेल झाबिट्झर जवळपास दोन कोटींना आला. दोघेही मेहनती, पण जो खेळाडू एकट्याने सामन्याचा ओघ बदलत होता, त्याची जागा भरेल असे दोघांतले कोणी नव्हते. हालंडच्या जागी आलेल्या हालेरबद्दल मात्र मी कधीच कडवट बोलणार नाही. क्लबमध्ये आल्यानंतर काही दिवसांतच त्याला वृषणाच्या कर्करोगाचे निदान झाले. तो उपचार घेऊन जानेवारी २०२३मध्ये मैदानावर परतला आणि त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी ती पेनल्टी मारायला पुढे आला. ज्याने चेंडू जागेवर ठेवायचे धाडस केले, त्याच्यावर खापर फोडणे मला जमत नाही.

जे पैसे कर्जाच्या धास्तीने जपले जातात, तेच बायर्नने सोडून दिलेल्या किंवा वयाने उताराला लागलेल्या खेळाडूंच्या मोठ्या पगारावर खर्च व्हावेत, ही विसंगती मला खुपते. २००५ने शिकवलेली काटकसर खेळाडू विकत घेण्याच्या आकड्यांत दिसते, पगाराच्या यादीत दिसत नाही. आणि याची किंमत प्रत्येक वेळी बाकावर बसलेला माणूस, म्हणजे प्रशिक्षक मोजतो. क्लॉप सात वर्षे राहिले. त्यानंतरच्या दहा वर्षांत टुखेल, बोस, श्टोगर, फाव्र, टेरझिच, रोझं, पुन्हा टेरझिच, शाहीन आणि कोवाच इतके प्रशिक्षक झाले.

टेरझिच यांच्या शेवटच्या हंगामात हे सगळे एकाच चौकटीत दिसते. १ जून २०२४ रोजी डॉर्टमुंड वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळले आणि रेआल माद्रिदकडून ०-२ असे हरले. त्याच हंगामात लीगमध्ये मात्र ते पाचवे होते, विजेत्या लेव्हरकुसेनपेक्षा २७ गुणांनी मागे. ज्या संघाने पॅरिस सेंट जर्मेनला दोन्ही उपांत्य सामन्यांत १-०ने हरवले, त्यातले सँचो आणि इयान मात्सेन उसने आणलेले होते. हुमेल्स आणि मार्को रॉयस यांचे करार संपत होते. रॉयसबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. या शहरात जन्मलेला हा खेळाडू १२ वर्षे थांबला आणि एकदाही लीग जिंकू शकला नाही. घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात त्याने फ्री किकवर गोल केला आणि आलेल्या प्रेक्षकांना स्वखर्चाने बिअर पाजली. काही आठवड्यांत हे चौघेही नव्हते, पाठोपाठ आघाडीचा खेळाडू निकलास फ्युलक्रुग विकला गेला आणि टेरझिच यांनी स्वतःहून पद सोडले.

त्याच सुमारास एका शस्त्रनिर्मिती कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार झाला. चाहत्यांनी निषेध केला आणि मला तो योग्य वाटला. जर्मनीत ५०+१ हा नियम आहे. क्लबच्या मतांचे बहुमत सदस्यांच्या संघटनेकडे राहते. डॉर्टमुंडचे समभाग कोणीही विकत घेऊ शकतो, पण कारभार चालवणारी कंपनी सदस्य-क्लबच्या मालकीची आहे. दोन लाखांहून अधिक सदस्य असलेल्या क्लबने पैसा कुठून घ्यायचा, हे त्या सदस्यांना विचारायला हवे होते. फेब्रुवारी २०२४मध्ये देशभरच्या स्टँडमधून मैदानावर टेनिसचे चेंडू पडले आणि लीगला बाहेरच्या गुंतवणूकदाराशी होऊ घातलेला व्यवहार सोडून द्यावा लागला, तेव्हा या लोकांचे ऐकले जाते हे दिसले होते.

टेरझिच यांच्या जागी आला तो नुरी शाहीन. क्लब दिवाळखोरीतून वाचला त्या वर्षी, वयाच्या १६व्या वर्षी मैदानात उतरलेला तोच मुलगा आता ३५ वर्षांचा होता आणि इतक्या मोठ्या क्लबचे मुख्य प्रशिक्षकपद त्याने पूर्वी कधी सांभाळले नव्हते. त्याच्या हाती माजी कर्णधार, मुख्य बचावपटू आणि दोन्ही उसने खेळाडू गमावलेला संघ होता. सेरू गिरासी हा एक आघाडीचा खेळाडू मात्र व्यवस्थापनाने खरोखर हेरून आणला होता. त्याने त्या हंगामात लीगमध्ये २१ गोल केले. तरीही २१ जानेवारी २०२५ रोजी बोलोन्यात संघ सलग चौथा सामना हरला आणि दुसऱ्या दिवशी शाहीनला काढले. लीगमध्ये संघ तेव्हा दहावा होता. त्याला अनुभव कमी होता हे मी मान्य करतो. पण तो कमी आहे हे जूनमध्ये नेमणाऱ्यांनाही ठाऊक होते.

निको कोवाच फेब्रुवारीत आले तेव्हा मला फारशी आशा नव्हती. संघ ११व्या स्थानापर्यंत घसरला. कोवाच यांनी भव्य घोषणा केल्या नाहीत. तीन बचावपटूंची मांडणी पक्की केली, खेळाडूंना अधिक धावायला लावले आणि रोज तेच ते करून घेतले. शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडने कीलला ३-० असे हरवले, फ्रायबुर्ग आपल्या घरी फ्रँकफुर्टकडून हरले आणि ५७ गुणांसह चौथे स्थान, म्हणजेच पुढच्या वर्षीचे चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळाले.

त्या संध्याकाळी दक्षिण स्टँड पुन्हा गात होता. विजेतेपद नव्हते, मिरवणूक नव्हती, चौथ्या क्रमांकाचा आनंद होता. खेळाडू एकमेकांचे हात धरून स्टँडकडे धावत गेले. त्यांच्याकडे पाहताना मी मनात मोजत होतो, यांच्यातले पुढच्या मे महिन्यात इथे किती असतील.