त्रैराशिक कुठे तुटतं

(गावातल्या वाचनालयात विद्यार्थी आणि शेतकऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

दोन पोत्यांना इतके, तर पाच पोत्यांना किती, हे तोंडी सांगणारी माणसं इथं मागच्या ओळीत बसली आहेत. त्यांच्या त्रैराशिकाचा आलेख काढला तर शून्यातून निघालेली एक सरळ रेघ मिळते. शेतीतले पुष्कळ हिशेब या रेघेवर चालतात, आणि त्यामुळंच जो हिशेब रेघेवर चालत नाही तिथं आपण फसतो. एक आकडा दिला की ठरलेल्या नियमानं दुसरा नेमका एकच आकडा मिळतो, त्या नियमाला फलन म्हणतात. मुलांनो, तुमच्या पुस्तकातली व्याख्या यापेक्षा काटेकोर आहे, पण आजचं काम एवढ्यावर भागेल.

कापसापासून सुरू करू. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, तो 8 टक्के ओलाव्याला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत त्यापुढं दर टक्क्यामागे भावाचा एक टक्का, म्हणजे 81 रुपये 10 पैसे कमी होतात. 12 टक्क्यांना भाव 7785 रुपये 60 पैशांवर येतो आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत. आलेख काढा: आडव्या अक्षावर ओलावा, उभ्यावर भाव. 8 पासून 12 पर्यंत हळूच उतरणारी रेघ, आणि 12 वर ती संपते. फलन कुठपर्यंत लागू आहे हे सूत्राइतकंच महत्त्वाचं असतं. परीक्षेत एका गुणासाठी सोडून दिलेली ती ओळ इथं अख्ख्या गाडीचा माल परत पाठवते.

आता खरी गंमत. 12 चा कापूस 8 वर आणायला वाळवला तर भाव वाढतो, पण वजन घटतं. ओलावा एकूण वजनावर मोजला असं धरू. 12 टक्क्यांच्या 100 किलोत कोरडा माल 88 किलो. तोच 10 टक्क्यांवर आला की वजन 97.8 किलो, 8 वर आला की 95.65 किलो. भाव आणि वजन ही दोन फलनं. हाती येणारे पैसे म्हणजे त्यांचा गुणाकार. 12 वर 7786 रुपये, 10 वर 7771, 8 वर 7757. भावाची रेघ उतरती, पैशाची रेघ मात्र जवळजवळ सपाट! वाळवणीची मजुरी घालून 8 गाठण्यात काही हशील नाही. धोका आहे तो 12 च्या कड्याचा. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच गंजी मारून ठेवला तर मधला थर 12 च्या वर राहू शकतो, आणि ओलावामापकाची दांडी नेमकी तिथं खुपसली तर परतीचं भाडं तुमच्या अंगावर. ताडपत्रीवर पसरून उलटापालट करा, तीन-चार ठिकाणी मोजा, 11 च्या आसपास आला की गाडी भरा.

ठिबकचा आलेख वेगळा. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतं. 1 किलो दाबाला (म्हणजे चौरस सेंटिमीटरवर 1 किलो) ताशी 4 लिटर देणारा ड्रिपर अर्ध्या किलोला 2 नाही, सुमारे 2.8 लिटर देतो. ही झाली दिलाशाची बाजू. उलट 4 चे 8 लिटर करायचे तर दाब चौपट लागेल, आणि तोवर लॅटरलचे, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांचे, जोड निसटलेले असतील. वक्र सुरुवातीला उभा चढतो, पुढं आडवा पडतो. पाणी वाढवायचं तर दाबामागे न लागता वेळ वाढवा, कारण वेळ आणि पाणी यांचं नातं खरोखर सरळ रेघेचं आहे.

युरियाचा वक्र तर चढून परत उतरतो. समजण्यापुरतं सूत्र घेऊ, तुमच्या जमिनीचे आकडे वेगळे निघतील: कापूस एकरी क्विंटल = 5 + 0.1 × नत्र − 0.001 × नत्राचा वर्ग, नत्र किलोत. 40 किलोला 7.4 क्विंटल, 50 ला 7.5, 60 ला पुन्हा 7.4. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र असतं. म्हणजे 40 वरून 60 वर जायला एक गोणी जास्त, आणि पदरात तेवढंच. वर पऱ्हाटी नुसती पाल्यावर जाते, मावा-तुडतुडे वाढतात, त्याचा फवारा वेगळा. युरिया स्वस्त असल्यानं ही उतरण खिशाला लवकर कळत नाही, एवढंच.

आता शेततळं. वरून 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंचा उतार एकास एक धरा. तळ 24 बाय 24 उरतो. पाण्याची उंची माहीत असेल तर 24 मध्ये उंचीची दुप्पट मिळवा, घन करा, 24 चा घन म्हणजे 13824 वजा करा, 6 नं भागा. उत्तर घनमीटरमध्ये, एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. अर्धा मीटर पाण्याला 300, एक मीटरला 625, दीडला 977, दोनला 1355, अडीचला 1761 आणि काठोकाठ 2196.

तळं निम्म्या उंचीवर आलं की पाणी निम्मं उरलं, असं त्रैराशिक सांगतं. प्रत्यक्षात 44 टक्केच उरतं. हरभऱ्याच्या एका एकराला 5 सेंटिमीटरचं ओलित द्यायला सुमारे 202 घनमीटर लागतात. त्रैराशिकानं निम्म्या तळ्यात जवळपास साडेपाच एकर भिजायला हवेत. खऱ्या हिशेबानं पाचवा एकरही पुरता भिजत नाही. त्यातून पंपाच्या नळीच्या तोंडाचा फूटवॉल्व्ह गाळ ओढू नये म्हणून तळाशी पाणी सोडावं लागतं, ते वेगळं.

म्हणून तळ्यात पट्टी रोवायची ती मीटरची नको, पाण्याची. सूत्र उलटं चालवा: 13824 मध्ये हव्या त्या घनमीटरांची सहापट मिळवा, घनमूळ काढा, 24 वजा करा, निम्मं करा. 500 ची खूण तळापासून 81 सेंटिमीटरवर येते, 1000 ची 153 वर, 1500 ची 218 वर, 2000 ची 278 वर. खुणा वर जाताना जवळजवळ येतात. समान अंतरावर रंगवलेली पट्टी दिसली की ती त्रैराशिकानं रंगवली आहे हे ओळखावं.

आणि पट्टी रंगवून झाली की ती कायमची झाली असं नाही. अर्धा मीटर गाळ बसला तर तळाचे 300 घनमीटर गेले. पट्टीवर 1000 वाचलं तरी हाती 700 च आहेत. दर उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं की गाळाची जाडी चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा, सरासरी काढा, तेवढ्या उंचीचं पाणी सूत्रातून काढून प्रत्येक खुणेतून वजा करा, आणि पट्टीवरचे आकडे पावसाळ्याआधी पुन्हा रंगवा.