आबाजी पारावर येईनासे झाले

[दृश्य : पहाट. एसटी स्टँडचा बाक. खांद्यावर दुपट्टा, मांडीवर रिपोर्टांची थैली घेऊन बसलेले एक वयस्क कास्तकार.]

नागपूरची पहिली गाडी अजून लागायची आहे. यवतमाळ जिल्ह्यातले हे कास्तकार सत्तरीला टेकलेत. नाव सांगू नका, असं त्यांनीच म्हटलं. गावात त्यांना आबाजी म्हणतात. काल संध्याकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नाही. आज उपास नाही, आणि डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं नाही. गाडीत लघवी लागली, तर भरल्या गाडीत कंडक्टरला थांबवा कसं म्हणायचं, एवढ्यासाठी.

आबाजींना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली पुरुषाची लहानशी ग्रंथी. वय झालं की ती बहुतेकांची वाढते, आणि प्रत्येक वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण म्हणूनच रात्री तीनतीनदा उठावं लागलं, धार बारीक झाली, तरी ‘म्हातारपण आहे’ म्हणून माणूस गप्प राहतो. आबाजींची कंबर धरली तेव्हा त्यांना वाटलं, पराटी वेचून वेचून दुखते. तेल चोळणं चालू राहिलं. रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची), बायोप्सी म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं, हाडांचा स्कॅन हे सगळं झालं, तोवर आजार हाडांत उतरला होता.

या कॅन्सरला बळ मिळतं ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकातून, म्हणजे हार्मोनमधून. ते तोडलं की आजार मागे हटतो, हे अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या आजाराच्या उपचाराचा पाया तोच आहे. ठरावीक महिन्यांनी हे संप्रेरक थांबवणारी सुई घ्यायची, नाहीतर ऑपरेशन करून दोन्ही वृषणं एकदाच काढून टाकायची. सुईचा खर्च आणि दर वेळच्या फेऱ्या झेपत नाहीत, म्हणून आबाजींनी ऑपरेशनला होकार दिला. कंबर मोकळी झाली. उपचार लागू पडला.

पुढचं मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

[दृश्य : रात्र. ओसरीवरची खाट. आबाजी उठून बसतात, अंगावरची वाकळ बाजूला सारतात.]

पौषाच्या थंडीत मध्यरात्री अंग पेटतं, घाम फुटतो, आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते. छाती दुखरी झाली. तुरीचं पोतं उचलायला गेले तर हातात जोर नाही. नवरा-बायकोतलं जे होतं ते संपलं, त्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ते मान खाली घालून सांगतात : “पुतण्याच्या पोराचं बारसं होतं. माया डोळ्यातून पानीच थांबेना. मले काय होऊन रायलं, समजेच ना.”

संप्रेरक तोडणाऱ्या उपचारानंतर नैराश्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. झोपेचा चुराडा, सततचा थकवा, बदललेलं शरीर आणि खुद्द संप्रेरकाची कमतरता, सगळं एकदम अंगावर येतं. आबाजींच्या रडण्याचा काही भाग त्या उपचाराचाच होता. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि ते न सांगणं हा आमच्या मते उपचारातला दोष आहे.

पुरुष ‘मी उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही. तो चिडतो, ताट सरकवतो, घरातल्या घरात बसून राहतो, एखादा दारू जवळ करतो. आबाजी पारावर येईनासे झाले. विचारपूस करायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, “मन घट्ट करा आबाजी.” मनापासूनच म्हणायचा. पण त्यावर आबाजी काय बोलणार? तिथे बोलणं संपतं. आजारपणात तग धरण्याची ताकद केवळ माणसाच्या स्वभावात नसते. ती घरातून, सोबत्यांकडून, हाती उरलेल्या कामातून मिळत जाते. आधार असलेल्या रुग्णांमध्ये नैराश्य कमी आढळतं.

[दृश्य : सूप घेऊन तुरीची डाळ निवडणाऱ्या आजी.]

आजी सांगतात, “दवाखान्यात मले बाहेरच बसवलं जी. ह्यायचं काय काढलं, काय ठेवलं, कोणी सांगतलं नाही. मले वाटे, मायावरच राग धरून बसले.” पुढच्या फेरीत एका नर्सताईंनी दोघांना शेजारी बसवून सगळं उलगडून सांगितलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत दोघं बऱ्याच दिवसांनी बोलले. आता आबाजी सकाळी वावराच्या धुऱ्यापर्यंत चालून येतात. अशा रुग्णांचा थकवा नेमाच्या चालण्यानं कमी होतो.

गावात गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आहे. मंडळाचे संस्थापक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरनं गेले. नागपूरचं कॅन्सर रुग्णालय त्यांच्या नावानं आहे. मधून उठावं लागेल या धास्तीनं आबाजींनी प्रार्थना सोडली होती. मंडळातल्या सोबत्यांनी त्यांची जागा दाराजवळ केली. कुणी कारण विचारलं नाही. ते पुन्हा जाऊ लागले.

नैराश्य गावातच ओळखून मदत मिळवून देण्याचं काम विदर्भात होऊ शकतं, याचा पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्य ओळखायला नऊ प्रश्नांची एक साधी यादी आहे : झोप, भूक, कामातलं मन, थकवा. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. तो विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही. असलेला बोलता येतो. या प्रश्नावर आबाजींचं उत्तर ऐकून मुलानं त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून हलवलं, आणि पुढच्या तपासणीत मानसोपचाराची गोळीही सुरू झाली.

टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. या आजारात बायकोच्या मनावरचा ताण पुष्कळदा नवऱ्याहून जास्त असतो, आणि तिला तर कुणीच विचारत नाही. आबाजींच्या घरी हा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला आहे. त्यावर पहिला फोन आजींनी लावला, स्वतःसाठी.