एकाच चुलवाणावर

करवीर तालुक्यातलं हे गुऱ्हाळ. चुलवाण पेटलंय, काहिलीतल्या रसाला आधण आलंय. अणू, मूलद्रव्य, संयुग या व्याख्या आपण शाळेत घोकल्या. कोल्हापूरच्या पोरांना त्या आधी इथं आणून दाखवायला हव्यात.

रसात चार भागांतले तीन भाग तरी पाणीच असतं. बाकीच्यात मुख्य साखर, म्हणजे सुक्रोज. त्याच्या एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू. ही 45 अणूंची जोडणी उसानं शेतातच केलेली असते. कार्बन हवेतला, पाणी पंचगंगेचं, ताकद उन्हाची. काहिलीवरून उठणारी ही वाफ म्हणजे रसातलं पाणी. पाणी जातं, साखर मागे राहते.

आता खाली बघा. वाळलेली चिपाडं जाळात पडतायत. त्यांच्यातही मुख्यतः तीच तीन मूलद्रव्यं. पण इथं रेणू मोडतात, कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातो. वर साखरेचे बहुतेक रेणू शाबूत, खाली चिपाडाचे मोडतायत, आणि मध्ये फक्त काहिलीचा पत्रा!

भेंडीचं चिकट पाणी पडलं, की रसातली घाण, म्हणजे मळी, अशी वर येते. ती काढणारे हात बघत राहावेत असे आहेत.

मग चुन्याची निवळी. चुना हे कॅल्शियमचं संयुग. रस मुळात किंचित आम्ल. तसाच आटवला तर साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्यांचं प्रमाण वाढलं की गूळ घट्ट बसत नाही, चिकट राहतो. चुना ते आम्ल मारतो. जास्त पडला तर गूळ काळवंडतो. किती घालायचा, हे गुळव्याची नजर ठरवते. पाक 118 अंशांच्या आसपास आला, की तो थेंब पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळून बघतो. गोळी जमली, काहील उतरली.

वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या पसरट जागेत, ओतलेल्या पाकाचा हा तपकिरी रंग आचेनं आलेला, अस्सल आहे. उसातलं पोटॅशियम, कॅल्शियम, थोडं लोहही त्यात उतरलंय. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं, म्हणून काही ठिकाणी रंग उजळणारी हायड्रॉस पावडर पडते आणि तिच्यातल्या गंधकाचा अंश गुळात राहतो. या काहिलीत ती पडलेली नाही.