अर्ध्या डब्यातलं ग्रीक योगर्ट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "आत्या, ग्रीक योगर्टचा अर्धा डबा उरलाय. नुसतं खायचा कंटाळा आला आणि टाकवतही नाही. काय करू त्याचं?" मी विचारलं, साधं आहे की व्हॅनिलाचं? म्हणाली, "साधं. थोडं आंबट झालंय, पण वास चांगला आहे." म्हटलं, मग तुझ्याकडे चक्का आहे असं समज आणि कामाला लाग.

आज तुमच्याशी याच अर्ध्या डब्याबद्दल बोलायचं आहे. ग्रीसमधले लोक या दह्याला जे म्हणतात, त्याचा सरळ अर्थ 'निथळलेलं'. पूर्वी तिथेही दही कापडाच्या पिशवीत घालून निथळत ठेवायचे. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री आपण मलमलच्या फडक्यात दही बांधून नळाला टांगतो, तेच हे. आपला चक्का जरा जास्त कोरडा, त्यांचं योगर्ट जरा ओलसर, एवढाच फरक. निवळी निघून गेली की उरलेल्या दह्यात प्रथिनं साध्या दह्याच्या जवळजवळ दुप्पट होतात. म्हणून ते महाग पडतं आणि म्हणूनच टाकून देताना जीव खालीवर होतो.

परदेशातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये 2013 साली यावर कोर्टात निकाल लागला. ग्रीसमध्ये तयार झालेलं असेल तरच डब्यावर 'ग्रीक योगर्ट' लिहायचं, असं ठरलं. बाकीचे डबे 'ग्रीक स्टाइल' म्हणून विकले जातात. त्यातली काही न निथळता, स्टार्च किंवा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन घालून दाट केलेली असतात. तेव्हा डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. शाकाहारी घरांनी तर नक्कीच वाचावं.

आता कढी. उरलेल्या योगर्टला कढीसारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. आंबटपणा आयता आलेला असतो आणि दाटपणाही. पण मी पहिल्यांदा केली तेव्हा ती फुटली. डबा बिनसायीच्या दुधाचा होता. फ्रिजमधून काढला, पाण्यात कसाबसा ढवळला आणि तापलेल्या फोडणीवर ओतला. दोन मिनिटांत वर हिरवट पाणी आणि खाली पांढरा रवा. घरच्यांनी मुकाट्याने खाल्ली, मला मात्र घास जाईना.

झालं होतं ते असं. दह्यातली प्रथिनं आंबट असतानाच एकदम तापली की आखडतात आणि पाणी बाहेर ढकलतात. साय कमी असेल तर हे आणखी लवकर होतं. बेसन त्या प्रथिनांच्या मध्ये जाऊन बसतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. बेसन कढीत दाटपणासाठी असतं असं आपण समजतो, पण खरं मोठं काम ते हे करतं.

म्हणून असं करा. अर्धी वाटी योगर्ट तासभर आधी बाहेर काढून ठेवा. त्यात आधी चार चमचे पाणी घालून रवीने किंवा चमच्याने घोटा, गुठळी राहू देऊ नका. मग दीड चमचा बेसन घालून पुन्हा घोटा. त्यानंतर अडीच वाट्या पाणी, थोडं थोडं करून. आलं-मिरचीचं वाटण आणि चिमूटभर साखर घाला. तुपात जिरं, हिंग, चार मेथीदाणे, कढीपत्ता यांची फोडणी करा. ती जरा निवू द्या, मग त्यावर हे मिश्रण ओता. आच मंद ठेवा आणि हात थांबवू नका. कडेला बारीक फेस दिसायला लागला, बेसनाचा कच्चा वास गेला, की झाली. मीठ सगळ्यात शेवटी.

काकडीची कोशिंबीर दह्याने पाणचट होते, योगर्टने होत नाही. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्या. ग्रीसमध्ये यात लसूण, ऑलिव्ह तेल आणि शेपू घालतात. शेपू तर आपल्या मंडईत जुडीने मिळतो! भाजीसाठी आणलेल्या जुडीतल्या चार काड्या बारीक चिरून घालून बघा, भाकरीबरोबर फार छान लागतं. काकडीचं पिळलेलं पाणी थालीपीठाच्या पिठात घाला आणि त्याच पिठात दोन चमचे योगर्टही जाऊ द्या. थालीपीठ दुसऱ्या दिवशी डब्यातसुद्धा मऊ राहतं. चिकनला मुरवण लावायला तर हे साध्या दह्यापेक्षा बरं, ओघळत नाही.

श्रीखंडाबद्दल मला बरेच जण विचारतात. डबा नुकताच उघडला असेल आणि योगर्ट गोडसर असेल, तर तीन-चार तास फडक्यात बांधून ठेवा आणि खुशाल करा. आंबट झालेल्याचं मात्र करू नका. कितीही साखर घातली तरी तो आंबटपणा मागून येतोच.

विरजणालाही चालतं, डब्यावर जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं असेल तर. या विरजणाला ऊब जरा जास्त लागते, साधारण 40 ते 43 अंश. दूध बोटाला चांगलं गरम लागेल पण चटका बसणार नाही, इतपत. अर्ध्या लिटरला एक चमचा पुरे. नंतर भांडं टॉवेलात गुंडाळून किंवा कॅसरोलमध्ये ठेवा. थंडीच्या गावांत हे न केल्यामुळेच दही लागत नाही.

डब्यात वर साचलेलं पाणी ही निवळी असते, ती ढवळून घ्या. हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका दिसला, किंवा आंबवल्यासारखा उग्र वास आला, तर वरवरचं काढून खालचं वापरायचा मोह टाळा, सगळा डबा टाका. आणि डब्यात चमचा नेहमी कोरडा घाला, चाटलेला तर नकोच.

काल भाचीचा पुन्हा फोन आला. कढी फुटली नाही, आणि दोघांनी भातावर घेऊन संपवली. मी विचारलं, डबा विसळलास का? म्हणाली, "हो आत्या. कडेला बरंच लागलं होतं. त्यात पेलाभर पाणी, मीठ आणि जिरेपूड घालून झाकण लावून हलवलं आणि तसंच प्यायले."

नमस्कार.