पट उतरलेली गावे

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांतून मिळते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या धरणांच्या वरच्या अंगाला, वेल्हे आणि मुळशीच्या डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथे आज कोण राहते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. पुष्कळ वाड्यांत राहतात ती साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे. त्यांची मुले, सुना आणि नातवंडे धायरीत, वडगावात किंवा वारज्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात, आणि त्यांपैकी काही जण आत्ता हे भाषण ऐकत असण्याचीही शक्यता आहे.

पोटासाठी गाव सोडणे आपल्याकडे नवे नाही. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून मुंबईला डबेवाले गेले, पाटण-जावळीकडून माथाडी गेले, आणि कोकणातल्या घराघरांतून गिरणीत एक तरी माणूस होताच. परंतु त्या काळी जात असे तो एकटा गडी माणूस. त्याचे बिऱ्हाड, म्हातारे आईबाप, बैलजोडी आणि पोरांची शाळा गावातच राहत असे, दर महिन्याला मनीऑर्डर येत असे आणि गणपतीला किंवा गावच्या जत्रेला तो स्वतः येत असे. गाव पुरुषांनी रिकामे झाले तरी वसलेले होते.

हे केवळ आठवणीतले चित्र नाही, जनगणनेच्या आकड्यांतही ते दिसते. १९९१ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १२०५ स्त्रिया होत्या, म्हणजे कर्ते पुरुष मोठ्या संख्येने बाहेर होते, आणि तरीही पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढलीच. २००१ साली ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली, आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्याही ११३६ वरून ११२२ झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही त्याच दशकात लोकसंख्या घटली आणि स्त्रियांचे प्रमाण १०७९ वरून १०३६ पर्यंत उतरले. जन्मदर कमी झाला, हे लोकसंख्या घटण्याचे एक कारण आहेच. पण लोकसंख्या आणि तिच्यातले स्त्रियांचे प्रमाण ही दोन्ही एकाच वेळी खाली येतात, तेव्हा पुरुषांच्या मागोमाग बायकाही निघाल्या, असे मानायला मोठा आधार मिळतो. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. तेव्हा माझे म्हणणे असे की, कर्ता पुरुष गेल्याने गाव ओस पडत नाही. ते ओस पडू लागते ते सून आणि शाळेत जाणारे मूल गेल्यावर.

मूल का जाते, हे पाहायचे तर गावच्या शाळेचा पट पाहावा. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले, आणि डोंगरातल्या वाड्यांवर दोनशिक्षकी शाळा उभ्या राहिल्या. पट पंचवीसचा पंधरा झाला की आईबापांना धास्ती वाटू लागते, आणि ज्यांना शक्य असते ते आपले मूल शहरात आणतात. त्यामुळे पट आणखी उतरतो आणि राहिलेल्यांची धास्ती खरी ठरते. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे धोरण राज्याने २०२३ साली पुढे आणले, तेव्हा नमुना म्हणून ज्या दोन ठिकाणांचे नाव घेतले गेले, त्यांतले एक नंदुरबारमधले तोरणमाळ आणि दुसरे आपले पानशेत होते. एका वर्गात पंधरा-वीस सवंगडी असणे मुलांच्या भल्याचे आहे, हे मला मान्य आहे. मात्र समूह शाळेची गाडी पावसाळ्यात घाटरस्त्याने रोज येणार नसेल, तर वाडीवरची शाळा बंद होताच तिथले शेवटचे तरुण बिऱ्हाडही उठेल.

शाळेपाठोपाठ एसटी जाते. मुक्कामी गाडी ही डोंगरी गावची मोठी सोय होती: रात्री चालक-वाहक गावातच झोपत, आणि पहाटे गाडी निघे तेव्हा तीत दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरे आणि दवाखान्याला निघालेले एखादे म्हातारे माणूस असे. पोरे गेली, भारमान म्हणजे गाडीतल्या प्रवाशांचे प्रमाण घसरले, आणि फेरी परवडत नाही म्हणून ती बंद झाली. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत चांगलीच आहे, फक्त ती घ्यायला गाडी यावी लागते!

शेतीचे काय होते, ते जरा जवळून पाहू. या पट्ट्यातली सुपीक तळवट जमीन बरीचशी धरणांच्या पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा लढा दिला तो याच प्रश्नावर. उरली ती उतारावरची भातखाचरे. भाताची लावणी ही एकट्याने करण्याची गोष्ट नाही; राब भाजण्यापासून चिखलणी आणि आवणापर्यंत सगळे सावडीने चालते, आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. सावडीला येणारे हात दहाचे चार झाले की वरचे एक खाचर पडीक राहते. पावसात त्याच्या बांधाला खांड पडते, ती बुजवायला कोणी नसते, वरची माती वाहून खालच्या खाचरात येते, आणि जो म्हातारा अजून कसतो आहे त्याचे भात गाडले जाते. पडीक रानात गवत-झुडपे माजली की रानडुकरे थेट घरापर्यंत येतात. जमीन दुसऱ्याला कसायला द्यावी, तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती १९५७ च्या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक ठरवले गेले तेव्हापासूनची, आणि ती अजून गेलेली नाही. शिवाय सातबाऱ्यावर पंधरा-वीस वारसांची नावे, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत. मग एखाद्या दलालाच्या मध्यस्थीने शेतघरासाठी विक्री होते, आणि कुलूपबंद घरांच्या गावात कुलूपबंद बंगल्याची भर पडते.

या चर्चेत हिवरे बाजारचे उदाहरण हमखास दिले जाते. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे पाणी अडले, शेती पिकू लागली आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली, ही गोष्ट खरी आहे. पण तिथली माणसे पाणी नव्हते म्हणून गेली होती. वेल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो. इथून माणसे गेली ती शाळा, दवाखाना, पगार आणि लग्नासाठी, कारण गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. त्यांना नुसत्या बंधाऱ्यांनी परत आणता येणार नाही, आणि खेड्याकडे चला असे शहरात बसून सांगण्याचा अधिकार मला तरी नाही.

जी माणसे गावात राहिली आहेत, त्यांच्यापुरते मात्र काही करता येईल. आपल्या बहुतेक सार्वजनिक सेवा डोकी मोजून ठरतात. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५००० लोकांमागे एक आणि डोंगरी व आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक, असा निकष आहे. म्हणजे डोंगराला सवलत द्यावी लागते, हे शासनालाही पटलेले आहे. पण लोकसंख्या उतरत गेली की तेच ३००० लोक अधिक गावांत विखुरतात आणि परिचारिकेची पायपीट वाढते. यासाठी अंतर आणि वय हे दोन निकष डोक्यांच्या जोडीला यायला हवेत: आजारी माणसाला किती किलोमीटर जावे लागते, आणि गावात सत्तरीपुढचे किती आहेत. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, बाजाराच्या आणि दवाखान्याच्या वेळेला जुळणारी एक लहान गाडी, आणि अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नसलेल्या वृद्धांना निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे घरपोच, एवढे तरी या निकषांवर मागता येईल.

मागणीला आधार मात्र खऱ्या मोजणीचा लागतो, आणि इथे पुण्यात राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. अनेकांची नावे अजून गावच्या शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत आहेत. निवडणुकीला गाड्या भरून माणसे गावी जातात, आणि कागदावर गाव भरलेले दिसते. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा आपण खरोखर जिथे राहतो तिथेच आपली नोंद करावी, आणि गावी असलेल्या आईवडिलांची नोंद, त्यांच्या खऱ्या वयासह, तिथे झाली की नाही, हे फोन करून विचारावे.

नमस्कार.