रात्रीत वाढणारा तडा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘गाडीच्या काचेच्या टवक्याची दुरुस्ती’. तिकडे येतोच. आधी सोसायटी-सोसायटीत ऐकू येणारी एक तक्रार घेऊ. “रात्री गाडी लावली तेव्हा काच धड होती, सकाळी बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा! आणि वॉचमन म्हणतो, कोणी आलंच नाही.” वॉचमन खरं बोलतोय. खडा आठवड्यापूर्वीच घोडबंदर रोडला, ताडपत्री न टाकलेल्या डंपरमागे लागलेला असतो.

पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा: प्रत्येकी साधारण 2 मिलिमीटर, मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. बाजूच्या खिडकीची काच टफन म्हणजे उष्णतेने कणखर केलेली असते, फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. पुढची तशी केली तर एका फटक्यात समोरचं दिसायचं बंद होईल, म्हणून तिला तडा जाऊ देतात आणि पापुद्रा तिला धरून ठेवतो. खड्याने बहुतेकदा बाहेरचीच काच दुखावते. आतून नख फिरवा, गुळगुळीत लागेल.

5 ग्रॅमचा खडा ताशी 100 किलोमीटरने आदळला तर साधारण 2 ज्यूल ऊर्जा. वेग निम्मा केलात की ऊर्जा पाव होते. डंपरच्या मागे घाई कशाला, एवढाच याचा अर्थ.

आता माझा आवडता आरोपी: पाणी. काच कागदावरच्या हिशेबापेक्षा इतकी कमजोर का, याचं उत्तर इंग्रज अभियंता ग्रिफिथने 1921 साली दिलं: तिच्यातल्या सूक्ष्म भेगांमुळे. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. भेग एका झटक्यात धावायला ताण बराच लागतो. ओलाव्यात मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच ती सरकायला लागते. पाण्याचा रेणू टोकाशी जाऊन सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधला बंध तोडतो, एकेक करून. आणि जुलैतल्या मुंबईत ओलाव्याची टंचाई कधी होती? आपल्याकडे पापडसुद्धा तग धरत नाहीत.

ताण कुठून येतो? एक, तापमान. काचेला पसरायला-आकसायला वाव नसेल, तर 1 अंश फरकाला पाऊण मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास ताण येतो. भर दुपारी तापलेल्या गाडीत एसीचा झोत थेट काचेवर सोडला की थंड भाग आकसू बघतो, भोवतीचा गरम भाग त्याला आकसू देत नाही. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या काचेवर बादलीभर गार पाणी, कारण तेव्हा टवका असलेलाच बाहेरचा थर ताणला जातो. दोन, खड्डे. काच बॉडीला चिकटवलेली असते. एक चाक खड्ड्यात, दुसरं उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, की चौकट पिळवटते आणि काचही. काचेची कड आधीच कमजोर, म्हणून कडेपासचा टवका सगळ्यात आधी धावतो.

आता तक्रार माझी. टवक्यावर आपण काय करतो? गणपतीचा स्टिकर लावतो! बाप्पा विघ्नहर्ता खरे, पण कडेने झिरपणारं पाणी त्यांच्यावर कशाला सोपवायचं? दुसरे उत्साही लोक झटपट चिकटणारा गोंद ओततात. तो पांढरा पडतो, ठिसूळ होतो, आणि रेझिन, म्हणजे दुरुस्तीत टवक्यात भरायचा आणि यूव्ही (अतिनील) प्रकाशात घट्ट होणारा पारदर्शक द्रव, जायची वाट कायमची बुजवतो. तिसरे टवक्यात साबणाचं पाणी मुरवून मग कारागिराकडे जातात. त्यापेक्षा कोरडं पुसून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. एवढ्यासाठी दोन रुपयेही लागत नाहीत!

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर दुरुस्ती, भराभर. टवका दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकला जात असेल, कडेपासून 5 सेंटिमीटर आत असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल आणि आतली काच शाबूत असेल, तरच. सैल कण सुईने काढायचे, टवका पूर्ण वाळवायचा. पावसाळ्यात गाडी आदल्या दिवशीच छपराखाली ठेवा. काच हाताला कोमट लागावी, वर ऊन नको, नाहीतर रेझिन वाटेतच घट्ट होतं. टवक्यावर सक्शनने इंजेक्टर बसवून आधी हवा ओढायची, मग रेझिन दाबायचं, हे आलटून-पालटून. नंतर यूव्ही दिवा, वरच्या खळगीत दाट रेझिन, पुन्हा दिवा, ब्लेड उभं धरून खरवडणं, पॉलिश. पुसटसा डाग राहतोच. काम तडा थांबवायचं आहे.

काचच बदलायची वेळ आली, तर काच चौकटीला चिकटवणाऱ्या जुन्या पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा एक-दोन मिलिमीटर थर ठेवून त्यावरच नवा द्यायचा, आणि चौकटीवर ओरखडा पडला तर प्रायमर लावायचा, नाहीतर तिथे गंज आणि गळती. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, म्हणजे इथे मुंबईची हवा कामाला येते! ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत गाडी हलवू नका. कारण शेजारच्या सीटची एअरबॅग याच काचेला टेकून फुगते. काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, करून घ्या. विम्यात काचेला घसारा लागत नाही, पण क्लेममुळे नो क्लेम बोनस जाऊ शकतो; म्हणून क्लेम करण्याआधी काचेचा खर्च आणि जाणारा बोनस, दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.