कोकणातल्या ज्येष्ठांची आकडेवारी: कुठली, कुठे आणि कशी वाचावी

नमस्कार श्रोतेहो.

ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते, समाजकार्याचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य या सगळ्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो. आपल्या भागातल्या वयस्कर माणसांची माहिती कुठे मिळेल? माहिती भरपूर आहे आणि बहुतेक फुकट आहे. अडचण वेगळीच आहे. राज्यासाठी गोळा केलेला आकडा गावाच्या प्रस्तावात घातला जातो, आणि तिथेच तो प्रस्ताव कच्चा राहतो.

म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी प्रश्न कागदावर लिहा. समजा, आरोग्य उपकेंद्रात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट यावा अशी मागणी करायची आहे. मग ‘गावात ज्येष्ठ किती’ एवढ्यावर भागत नाही. आधाराशिवाय चालता न येणारे किती आणि ते कुठल्या वाडीत राहतात, हे लागतं. प्रश्नाशेजारी वयाची रेघही लिहा, कारण ती प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा ६० वर्षं धरतो. श्रावणबाळ आणि मुख्यमंत्री वयोश्री या योजना ६५ धरतात. एसटीत ६५ला अर्धं तिकीट आणि ७५नंतर मोफत प्रवास. दोन आकडे जुळत नसतील, तर बरेचदा वयाची रेघच वेगळी असते.

आता जिल्ह्याचं बघू. जिल्ह्यासाठी भक्कम पाया जनगणनेचाच. तिच्या वेबसाइटवर ‘सी-१४’ नावाचा तक्ता आहे. त्यात पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी अशी लोकसंख्या दिलेली आहे. ६० ते ६४ पासून ८० व त्यावरील गटापर्यंतच्या पाच ओळींची बेरीज करा. एकूण लोकसंख्येतून ‘वय न सांगितलेले’ वजा करा, मग टक्केवारी काढा. २०११ साली ६० आणि त्यावरच्या वयाचे देशात ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. रत्नागिरी, सिंधुदुर्गाचा आकडा स्वतः काढून त्याशेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

तो फरक नीट समजून घ्यायला हवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ती माणसं मुंबई-पुण्याला गेली की मागे राहिलेल्यांत वयस्करांचं प्रमाण आपोआप वाढतं. इथलं वार्धक्य फक्त आयुष्य लांबल्यामुळे आलेलं नाही, ते स्थलांतरामुळेही आलेलं आहे. दोन्हींवरचे उपाय सारखे नसतात, म्हणून अहवालात ही दोन कारणं वेगळी मांडा.

गावाच्या पातळीवर मात्र जनगणना साथ देत नाही. गावनिहाय गोषवाऱ्यात वयाचा एकच गट मिळतो, शून्य ते सहा वर्षांचा. साठीपुढचा रकाना तिथे नाहीच, तेव्हा त्यासाठी दिवस घालवू नका. शिवाय २०११चा आकडा वापरताना वर्ष ठळक लिहा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर मधल्या वर्षांसाठी केंद्राच्या तांत्रिक गटाने केलेले २०११ ते २०३६चे अंदाज वापरता येतात, पण ते राज्यापुरतेच आहेत.

आजारपण, खर्च, एकटेपणा, स्मरणशक्ती, कामधंदा यांसाठी देशातला सगळ्यात मोठा साठा म्हणजे ‘लासी’, म्हणजेच ‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ हे वार्धक्याचं सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ते केलं. पहिली फेरी २०१७-१८ची. त्यात ७२ हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती झाल्या. नुसतं विचारलं नाही, तर रक्तदाब मोजला, हाताच्या पकडीची ताकद मोजली. अहवाल थेट उतरवून घेता येतो. मूळ आकडेवारीसाठी संस्थेच्या वेबसाइटवरचा मागणी अर्ज भरावा लागतो. कशासाठी हवी ते लिहायचं आणि ती दुसऱ्याला देणार नाही अशी हमी द्यायची.

लासी वापरताना चुका ठरलेल्या जागी होतात. हे सर्वेक्षण ४५ वर्षांपासून पुढचं आहे, त्यामुळे साठीचा निष्कर्ष हवा असेल तर आधी वय गाळून घ्या. माणसं निवडताना सगळ्या गटांना सारखी संधी नसते, म्हणून प्रत्येक नोंदीला भार दिलेला असतो, म्हणजे ती नोंद किती माणसांच्या वतीने धरायची तो आकडा. देशासाठी वेगळा, राज्यासाठी वेगळा. महाराष्ट्राचा आकडा काढताना राज्याचा भार लावा. भार न लावता काढलेली टक्केवारी छापू नये. आणि लासी महाराष्ट्राबद्दल बोलतं, रत्नागिरीबद्दल नाही. नमुन्यात आपल्या जिल्ह्यातली मोजकी माणसं आली असतील, पण त्यांवरून जिल्ह्याचं अनुमान काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती कोकणासाठी फार महत्त्वाची. ‘डॉक्टरांनी तुम्हाला मधुमेह असल्याचं सांगितलंय का?’ असा प्रश्न असतो. जिथे डॉक्टरच लांब, तिथे ‘नाही’ हे उत्तर जास्त येतं. कागदावर तो भाग निरोगी दिसतो. म्हणून सांगितलेला आजार आणि मोजलेला रक्तदाब शेजारी ठेवून वाचा. त्या दोन आकड्यांमधली दरी हीच धोरणासाठी खरी माहिती.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी, जुलै २०१७ ते जून २०१८, आरोग्य खर्चावर आहे आणि त्यात ज्येष्ठ कुणाबरोबर राहतात, पैशासाठी कुणावर अवलंबून आहेत हेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं सहज मिळतात, पण तिथे मुलाखती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या आणि १५ ते ५४ वयाच्या पुरुषांच्या होतात. ज्येष्ठांच्या आरोग्याचा वेगळा आकडा त्या पत्रकांत मिळत नाही.

योजना आणि धोरणासाठी वर्तमानपत्राचं कात्रण जोडू नका, जीआर जोडा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग निवडा आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ हे शब्द टाका. एकदा ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही शोधा, शीर्षकात शुद्धलेखन कसंही असतं. मिळालेल्या जीआरचा सांकेतांक लिहून ठेवा. त्याच विषयावर नंतरचा जीआर निघालाय का, तेही बघा. जुन्या जीआरवर उभा केलेला प्रस्ताव पहिल्याच टेबलावर परत येतो.

आता गाव. इथे सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी वापरलेला कागद आशाताईंकडे असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा त्या सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्यासाठीची प्रश्नावली, भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, जेवण, आंघोळ, कपडे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. फिजिओथेरपिस्टच्या मागणीला लागणारं उत्तर हेच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती करा, आणि फक्त वाडीनिहाय बेरजा मागा. नावं मागू नका. ती खासगी आरोग्याची माहिती आहे.

मतदार यादीत वय असतं, म्हणून ती मोजणीला सोपी वाटते. कोकणात ती फसवते. मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांची नावं गावच्या यादीत असतात आणि वारलेल्यांची वेळेवर निघत नाहीत. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीशी ताडून बघितल्याशिवाय ती वापरू नका.

स्वतः घरोघरी पाहणी करणार असाल, तर गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. घर भरलेलं असतं आणि एकटी राहणारी आजी पाहणीत आठ जणांच्या कुटुंबात मोजली जाते. ‘घरात किती जणं?’ यापेक्षा ‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक रात्री इथे कोण झोपतं?’ असं विचारा. वय सांगताना ६०, ६५, ७० असे गोल आकडे येतात, तेव्हा घटनांचा आधार घ्या. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. ‘तेव्हा तुमचा जन्म झाला होता का, लग्न झालं होतं का, पहिलं मूल किती मोठं होतं?’ यावरून वय दोन-तीन वर्षांच्या फरकात बसतं.

निर्वाह कायद्याखालचे अर्ज प्रांत ऑफिसात, न्यायाधिकरणापुढे चालतात. त्यांची माहिती सहसा छापलेली मिळत नाही, माहिती अधिकारात मागावी लागते. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘ज्येष्ठांना न्याय का मिळत नाही’ असं विचारू नका. आलेले अर्ज, निकाली काढलेले अर्ज आणि ९० दिवसांच्या आत निकाली काढलेले अर्ज, असं वर्षनिहाय मागा. संकलन करून देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं, म्हणून त्याच अर्जात ‘अशी बेरीज तयार नसल्यास नावं झाकून नोंदवहीच्या पानांच्या प्रती द्याव्यात’ हे वाक्य घाला. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याचं शुल्क २० रुपये.